बाकी उतरू द्या, हप्ता नको

कर्जखात्यांचे हिशेब बघणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे नात्यातलं कुणी ना कुणी स्टेटमेंट घेऊन माझ्यासमोर बसतंच. धाकटे दीर आले ते वैतागूनच. "वहिनी, एक महिना चुकवलेला नाही मी. तरी हे क्रेडिट कार्डाचं कर्ज संपत का नाही?" चुकवला नव्हता हे खरंच. बिलावर छापलेली किमान रक्कम ते दर महिन्याला तारखेच्या आत भरत होते, आणि नेमकं त्यामुळेच कार्ड संपत नव्हतं.

किमान रक्कम बहुधा कार्डावरच्या बाकीच्या ठरावीक टक्क्यांइतकी असते. बाकी कमी झाली की तीही कमी होते. धरून चालू की कार्डावर १ लाख बाकी आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम ५ टक्के. पहिल्या महिन्यात व्याज धरून १,०३,००० होतात, त्यातले ५,१५० भरायचे. त्यातले ३,००० व्याजात गेले, मुद्दल उतरलं २,१५०. पुढच्या महिन्यात बिल येतं ५,०३९ चं, त्याच्या पुढच्या महिन्यात ४,९३१ चं. आपल्याला बरं वाटतं, ओझं हलकं होतंय म्हणून. प्रत्यक्षात फेडीचा वेग मंदावत असतो. असं भरत गेलं तर ३० महिन्यांनंतरही सुमारे ५२,००० बाकी उरते.

आता दुसरा माणूस घ्या. तेच कार्ड, तेच व्याज, पहिला हप्ताही तोच, ५,१५० चा. फक्त हा दर महिन्याला ५,१५० च भरतो, बिलावर काहीही छापलेलं असो. त्याचं कार्ड तिसाव्या महिन्यात शून्यावर येतं. दोघांचा पगार सारखा असेल, काटकसरही सारखी असेल. एकाने हप्ता बिलाला ठरवू दिला, दुसऱ्याने स्वतः ठरवला, एवढंच.

महिन्याला आणखी १,००० घालता आले तर हेच कार्ड २३ महिन्यांत संपतं आणि व्याजाचे साधारण १३,००० वाचतात. पण हे मी पहिल्या बैठकीत सांगत नाही. आधी आकडा पक्का व्हावा लागतो, मोठा नंतर करता येतो.

पक्का आकडा काढताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. पगारातून एक भलामोठा हप्ता वजा करायचा आणि उरेल त्यात घर चालवायचं. उत्साहात दोन महिने जातात. तिसऱ्या महिन्यात दाढ दुखते किंवा गाडी बंद पडते, आणि बाजूला ठेवलेलं कार्ड पुन्हा पाकिटात येतं. म्हणून आधी घराचा खर्च काढा, हप्ता त्यानंतर. आणि तो खर्च मनाने लिहू नका. मागच्या तीन महिन्यांची बँकेची आणि कार्डाची स्टेटमेंट काढून त्यांवरून लिहा. मनातला खर्च नेहमीच खऱ्यापेक्षा कमी असतो.

तीन रकाने पुरतात. एकात ठरलेल्या तारखेला जाणारे: भाडं, वीज, फोन, चालू कर्जांचे हप्ते. दुसऱ्यात रोजचे: किराणा, भाजी, प्रवास, औषधं. तिसरा रकाना लोक लिहीतच नाहीत आणि सगळी मोडतोड तिथूनच होते. वर्षातून एकदोनदा येणारे खर्च त्यात येतात: विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची सर्व्हिसिंग, चष्मा, कुणाच्या लग्नाला जाणं. या सगळ्यांची वर्षाची बेरीज करा, तिला १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. बेरीज ३६,००० आली तर महिन्याला ३,०००. "अचानक खर्च आला हो" असं सांगणाऱ्याला मी विचारते, कसला? विम्याचा, म्हणतो. विम्याची तारीख वर्षभर आधी माहीत असते, त्यात अचानक काय?

घरातल्या प्रत्येकासाठी, स्वतःसाठीसुद्धा, हिशेब न मागता खर्च करायची थोडी रक्कम ठेवा. सिनेमा, पुस्तक, मित्रांबरोबर खाणं, ज्याला जे हवं ते. याबाबतीत मी हट्टी आहे. ज्या यादीत मौजेला एक पैसाही नाही ती यादी फार दिवस पाळली गेलेली मी पाहिलेली नाही.

आता तिन्ही रकाने आणि ही मौजेची रक्कम पगारातून वजा करा. शिल्लक राहील तेवढी आणि सगळ्या कर्जांचे चालू हप्ते मिळून जी बेरीज होते, तो तुमचा आकडा. कर्जं संपेपर्यंत तो खाली येऊ द्यायचा नाही. वजाबाकीनंतर काहीच उरत नसेल, तर खर्चाच्या रकान्यांत परत जा आणि एकदाच कापून दर महिन्याला फरक पडेल अशा गोष्टी शोधा: न वापरलेली वर्गणी, मोठा फोन प्लॅन, एकाच गोष्टीसाठी दोन ठिकाणी चाललेले विमे. रोज चहाचा कप मोजत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं.

जादा रक्कम लगेच कर्जात ओतू नका. आधी साधारण अर्ध्या ते एका महिन्याच्या घरखर्चाइतकी गंगाजळी करा. तोवर सगळ्या कर्जांवर फक्त आवश्यक तेवढं भरलं तरी चालेल. हिशेबी माणूस इथे हरकत घेईल, आणि बरोबरच घेईल: ३ टक्क्यांच्या कर्जाशेजारी २०,००० बचत खात्यात ठेवणं म्हणजे महिन्याला ६०० व्याज ओढवून घेणं. तरीही ठेवा. त्या ६०० च्या बदल्यात अडीअडचणीला कार्ड न काढण्याची सोय मिळते.

हप्ता भरायचा दिवस पगाराच्या दुसऱ्या दिवसाचा. महिनाअखेरीला उरलेले भरू म्हटलं की उरत नाहीत. बँकेला तशी स्थायी सूचना (त्या तारखेला खात्यातून हप्ता आपोआप जावा अशी) देऊन टाका, म्हणजे दर महिन्याला नव्याने निश्चय करायला नको. कार्डाचं व्याज सहसा रोजच्या बाकीवर मोजतात, त्यामुळे लवकर भरल्याने थोडं व्याजही वाचतं.

आणि बाकी असलेल्या कार्डाने रोजची खरेदी बंद. बहुतेक कार्डांवर मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे या महिन्याचा किराणाही तुम्ही ३ टक्क्यांनी घेताय. रोखीने किंवा डेबिट कार्डाने घ्या. आठवड्याची रक्कम आठवड्याच्या सुरुवातीला वेगळी काढली तर महिन्याच्या शेवटची ओढाताण बरीच कमी होते.

कर्जं अनेक असतील तर कोणतं आधी, यावर लोक तासन् तास वाद घालतात. सगळ्यांवर ठरलेला हप्ता भरायचाच, प्रश्न फक्त जादा रकमेचा. गणित म्हणतं, ज्याचं व्याज सर्वांत जास्त त्यात टाका. मन म्हणतं, सर्वांत छोटं आधी उडवा. 'जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च'मध्ये २०११ साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं की लोक व्याजदर बाजूला ठेवून छोटी खाती बंद करायला धावतात आणि त्यात पैसे गमावतात. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांनी जास्त खाती बंद केली ते पूर्ण कर्जमुक्त होण्याची शक्यता जास्त होती. माझा कल व्याजाकडे आहे, कारण कार्डाचे महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के आणि एखाद्या वैयक्तिक कर्जाचे वर्षाला १४ टक्के यांतली दरी फार मोठी. पण दोन कर्जांचे दर एकमेकांच्या जवळ असतील, किंवा एखादं दोनतीन महिन्यांत संपण्यासारखं असेल, तर छोटं आधी संपवा. एक तारीख कमी झाली की डोकं मोकळं होतं. एक कर्ज संपलं की त्याचा हप्ता घरखर्चात विरघळू न देता पुढच्या कर्जाला जोडा. इथेही नियम तोच, एकूण आकडा कमी होत नाही.

दर वाचताना एक सापळा ओळखा. "१० टक्के फ्लॅट" म्हणजे १० टक्के नव्हे. ३ वर्षांच्या १ लाखाच्या कर्जावर फ्लॅट १० टक्के म्हणजे सरळ ३०,००० व्याज, एकूण १,३०,००० भागिले ३६, हप्ता ३,६११. तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावर मोजलेलं असतं. घटत्या बाकीच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज मोजलं तर, हाच दर जवळजवळ १८ टक्के भरतो. कर्जांची क्रमवारी लावताना सगळे दर घटत्या बाकीचे करून घ्या.

वैयक्तिक कर्जात हप्ता पक्काच असतो, पण त्यातलं व्याज सुरुवातीला जास्त असतं. ५ वर्षांच्या, १४ टक्क्यांच्या ३ लाखांवर हप्ता सुमारे ६,९८० बसतो आणि पहिल्या हप्त्यातले ३,५०० निव्वळ व्याज असतं. म्हणून बोनस किंवा थकीत येणं हाती आलं तर ते लवकरच्या वर्षांत भरण्याचा फायदा मोठा. भरण्यापूर्वी मुदतपूर्व फेडीचं शुल्क किती ते विचारा. आणि भरल्यावर लेखी सांगा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. न सांगितल्यास काही ठिकाणी हप्ता कमी करून देतात. वाचलेले पैसे मग घरात कुठे जातात ते कुणालाच कळत नाही.

महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडावं का? भाऊजींनीही हेच विचारलं होतं, कारण कुणीतरी त्यांना "हप्ता निम्म्याहून कमी" असं सांगितलं होतं. ते १ लाख १४ टक्क्यांवर ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता २,३२७, एकूण व्याज सुमारे ३९,६००. कार्डावरच ५,१५० भरत राहिलं असतं तर व्याज ५२,००० च्या आसपास. म्हणजे दर निम्म्याहून खाली आला तरी, मुदत लांबल्यामुळे व्याज पाव भागानेच कमी झालं. पण स्वस्त कर्ज घेऊनही ५,१५० च भरत राहिलं तर २३ व्या महिन्यात संपतं आणि व्याज जातं जेमतेम १४,०००. दर बदला, हप्ता बदलू नका. प्रक्रिया शुल्क या हिशेबात धरा, मुदतीआधी फेडू देतात का ते बघा, आणि जुनं कार्ड त्याच दिवशी बंद करा किंवा त्याची मर्यादा खाली आणा. रिकामं झालेलं कार्ड वर्षभरात पुन्हा भरलेलं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे, मग एकाची दोन कर्जं होतात.

मित्राकडून किंवा मावशीकडून घेतलेल्या बिनव्याजी पैशांना क्रमवारीत शेवटचा नंबर मिळतो आणि तो बहुतेकदा अन्याय असतो. त्यांना रक्कम छोटी द्या, पण ठरलेल्या तारखेला द्या. "मावशी, महिन्याला इतकेच जमतील, पण चुकणार नाहीत" असं एकदा स्पष्ट बोललं की फोन टाळायची वेळ येत नाही. घरातही बोला. एकाने गुपचूप फेडायचं आणि दुसऱ्याला पत्ताच नाही, अशा घरात आकडा टिकत नाही.

एखाद्या महिन्यात खरंच जमणार नसेल तर हप्ता चुकायच्या आधी कर्ज देणाऱ्याला कळवा. आधी आलेल्या माणसाशी तारीख पुढे नेण्याची किंवा मुदत वाढवण्याची चर्चा होऊ शकते. हप्ता परत गेल्यावर बँकेचा दंड वेगळा आणि कर्जाचा वेगळा. पुढे भरलेल्या रकमेतून बहुधा आधी दंड आणि व्याज वळतं होतं, मुद्दलाला शेवटी काही मिळतं. फोनवर ठरलेलं ईमेलवर लिहून मागा. तेवढे दोन महिने आकडा खाली येईल, येऊ द्या, पण तो परत कधी वर न्यायचा ती तारीख तेव्हाच कॅलेंडरवर लिहा.

शेवटच्या हप्त्याला घाई करू नका. त्या दिवशीची पूर्ण फेडीची रक्कम किती, हे विचारूनच भरा. स्टेटमेंटवरची रक्कम ही स्टेटमेंटच्या तारखेची असते, तुम्ही भरता तोवरचं व्याज पुढच्या बिलात येतं. "फेडलं तरी बिल आलं" म्हणून ते शेदोनशे रागाने तसेच ठेवले की त्यावर दंड चढतो. तेही भरा, मग बाकी नसल्याचं पत्र घ्या, स्थायी सूचना रद्द करा, आणि एकदोन महिन्यांनी पत अहवाल (क्रेडिट रिपोर्ट) काढून खातं 'बंद' दाखवतंय का ते बघा. 'सेटल्ड' लिहिलं असेल तर तो अर्थ वेगळा, थोडं माफ करून मिटवलेलं. पूर्ण भरलं असेल तर पत्राची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.