रोव्हर रोज वेगळी हद्द दाखवतोय? चूक अशी शोधा

काल बांधाच्या टोकाला खुंट ठोकला. आज त्याच खुंटावर पोल धरला, तर रोव्हर, म्हणजे पोलच्या टोकावरचा उपग्रहांवरून जागा मोजणारा रिसीव्हर, २० सेंटिमीटरचा फरक दाखवतो. शेजारी शेतकरी उभा, पलीकडे त्याचा भाऊबंद. १०० मीटरचा बांध २० सेंटिमीटर सरकला की २० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २१५ चौरस फूट जमीन इकडची तिकडे होते. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. त्याचा जवळपास पाचवा हिस्सा. एवढ्यावरून घराघरांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. म्हणून रीडिंग जुळत नसेल तर पुढचा पॉइंट घेऊ नका. तिथेच थांबा.

आधी खिळा, मग सेटिंग

बहुतेक जण लगेच कंट्रोलरमध्ये (रोव्हर चालवायच्या हातातल्या यंत्रात) शिरतात आणि चार सेटिंगं एकदम बदलतात. मग नेमकं काय चुकलं होतं, ते कधीच कळत नाही. त्याऐवजी शेताजवळ न हलणारी, वरून मोकळी जागा शोधा. रस्त्याच्या मोरीचा कठडा उत्तम. त्यात काँक्रीटचा खिळा ठोका, भोवती ऑइलपेंटचं वर्तुळ करा. शेताच्या दुसऱ्या टोकाला असाच आणखी एक.

प्रत्येक खिळ्यावर पोलला बायपॉड (आधाराचे दोन पाय) लावून तीनदा मोजा, दर वेळी किमान ३० सेकंद. दोन मोजण्यांच्या मध्ये फिक्स (रोव्हरने सेंटिमीटरपर्यंत ठरवलेली जागा) मुद्दाम तोडा आणि रोव्हरला नव्याने फिक्स घेऊ द्या. तास-दीड तासाने हेच पुन्हा करा, कारण तोवर उपग्रहांची जागा बदललेली असते. ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) आणि उंची वहीत एकाखाली एक लिहा. हे आकडेच पुढची वाट दाखवतात.

सगळंच एका बाजूला सरकलंय?

दुसऱ्या दिवशीच्या मोजणीत दोन्ही खिळे एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकले असतील, तर रोव्हरला दोष देऊ नका. चूक बेसमध्ये, म्हणजे एका जागी ठेवून रोव्हरला दुरुस्ती पाठवणाऱ्या दुसऱ्या रिसीव्हरमध्ये आहे. सकाळी घाईत बेस मांडला आणि ‘सध्याची जागा’ घेऊन सुरू केला, की बेस स्वतःची जागा सिंगल पद्धतीने (कुठल्याही दुरुस्तीशिवाय) ठरवतो. त्यात दोन-तीन मीटरची चूक सहज असते, आणि रोजची वेगळी. दिवसभराचे पॉइंट आपापसांत अगदी सुरेख जुळतात, पण कालच्या कामाशी जुळत नाहीत. एका सोयाबीनच्या शेतात दुसऱ्या दिवशी सगळ्या खुणा दीड मीटरहून जास्त सरकलेल्या दिसल्या. आम्ही दुपारपर्यंत अँटेना बदलून पाहत होतो. कारण होतं ते बेसचं एक बटण. बेस पहिल्याच दिवशी पक्क्या खुणेवर मांडा, त्याचे निर्देशांक लिहून ठेवा आणि रोज तेच हाताने भरा.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सवरून (कायम चालू असलेल्या बेस स्टेशनांच्या जाळ्यावरून) दुरुस्ती घेत असाल, तर काल आणि आज माउंटपॉइंट (निवडलेला दुरुस्तीचा स्रोत) एकच होता का, ते बघा. स्वतःच्या बेसवरचं आणि कॉर्सवरचं काम एका फाइलमध्ये मिसळू नका.

यूटीएम, म्हणजे मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या नकाशा-पद्धतीचा झोनही (रेखांशाचा पट्टा) तपासा. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम ४३, पूर्वेला ४४. अमरावती शहर ४३ मध्ये, यवतमाळ आणि नागपूर ४४ मध्ये. ही चूक मात्र लपत नाही, आकडे लाखांनी बदलतात.

एकाच खिळ्यावर आकडे नाचतायत?

पहिला संशय पोलवर. दोन मीटरचा पोल फक्त एक अंश कलला, तरी टोकाला साडेतीन सेंटिमीटरची चूक येते. पोलवरचा बबल (पोल सरळ आहे का ते दाखवणारा बुडबुडा) मध्ये आणा, मग टोक खिळ्यावरच ठेवून पोल अर्धा फिरवा. बबल सरकला तर बबलच बिघडलाय. खालचे स्क्रू फिरवून तो दुरुस्त करा. टिल्टची (कललेल्या पोलची चूक आपोआप भरून काढायची) सोय असेल तर ती बंद करून एकदा मोजा.

पोल बरोबर असेल तर मान वर करा. आंबा, वड, पत्र्याचं गोदाम, उंच भिंत, डोक्याएवढा वाढलेला ऊस. पत्रा आणि भिंतीवरून परावर्तित झालेला सिग्नल अँटेनात शिरतो आणि रोव्हरला फसवतो. अशा कोपऱ्यावर हट्ट करू नका. मोकळ्यावर दोन पॉइंट घ्या आणि तिथून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) किंवा टेपने कोपरा बांधा.

वेळही बघा. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जातं, त्यामुळे आपल्याकडे दुपारी आणि सूर्यास्तानंतर आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) जास्त त्रास देतं. सूर्याचं सुमारे ११ वर्षांचं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं, तेव्हा हा त्रास आणखी जाणवला. हद्दीचे महत्त्वाचे पॉइंट मी सकाळी ११ च्या आत उरकतो.

मधूनच एखादी उडी?

हा सगळ्यात घातक प्रकार. स्क्रीनवर ‘फिक्स’ लिहिलेलं, अचूकता १ सेंटिमीटर, तरी रीडिंग वीस-तीस सेंटिमीटर बाजूला. रोव्हर उपग्रहाच्या लहरी मोजतो. एल-१ (उपग्रहांच्या सिग्नलची एक फ्रिक्वेन्सी) ची एक लहर सुमारे १९ सेंटिमीटरची. लहरींची मोजदाद चुकली की खोटा फिक्स तयार होतो आणि रोव्हरला ते कळतही नाही. स्क्रीनवरची अचूकता हा त्याचा स्वतःचा अंदाज असतो, खात्री नव्हे. म्हणून फिक्स तोडून पुन्हा घेणं महत्त्वाचं. वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन फिक्स २–३ सेंटिमीटरमध्ये जुळले, तरच पॉइंट धरा. फ्लोटवर (फिक्स न झालेल्या अंदाजी जागेवर) हद्द कधीच दाखवू नका. दुरुस्तीचं वय (आलेली दुरुस्ती किती जुनी आहे ते) पाच सेकंदांच्या वर जात असेल, तर सिम दुसऱ्या कंपनीचं घालून बघा.

फक्त उंचीच चुकत असेल तर पोलची उंची आणि अँटेनाचा प्रकार तपासा; पोल १.८ वर आणि कंट्रोलरमध्ये २.० हे नेहमीचं. फरक पन्नास मीटरहून मोठा असेल, तर जिऑइड मॉडेल (उपग्रहावरून आलेली उंची समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलणारं) लावायचं राहिलंय.

रोव्हर बरोबर, तरी नकाशा जुळत नाही

टेपने मोजलेला बांध आणि निर्देशांकांवरून काढलेलं अंतर यांत किलोमीटरला ४०–५० सेंटिमीटर फरक आला, तर दचकू नका. ७५ अंश रेखांशाच्या जवळ यूटीएमचं मापच तेवढं आखूड असतं, उंचीमुळे त्यात थोडी भर पडते. कंट्रोलरमध्ये ग्राउंड (प्रत्यक्ष जमिनीवरचं) अंतर निवडा.

आणि खिळे जुळतायत पण जुनं टिपण (जुन्या सरकारी मोजणीची नोंद) जुळत नाही, अशी वेळ आली तर रोव्हर ओढूनताणून नकाशावर बसवू नका. ती टिपणं ३३ फुटी साखळीने, शंकू (काटकोन काढायचं साधन) लावून केलेली आहेत. शेतकऱ्याला दोन्ही आकडे दाखवा आणि हद्द कायम मोजणीसाठी भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज करायला सांगा. तोवर बांधावरचे जुने दगड कुणालाही हलवू देऊ नका.