कोकणातल्या दमट हवेत इम्पीरियल नाइट जोडायचा आणि फवारायचा कसा

वॉरहॅमर ४०,००० या छोट्या मॉडेल्सनी खेळायच्या खेळातला इम्पीरियल नाइट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे पार्ट जोडून करायचा मोठा चिलखती यंत्रमानव, हातात आला की पहिल्याच रात्री सगळा जोडून उभा करावासा वाटतो, मी पण तेच केलं, आणि मग चिलखताच्या मागचे पाइप नि पिस्टन रंगवायला ब्रश आत जाईना तेव्हा बसलो डोक्याला हात लावून. हा काय छोटा शिपाई नाही, याचा नुसता बेसच १७० बाय १०९ मिमीचा लंबगोल आहे. म्हणून जोडतानाच तीन वाटे करा, एक आतला सांगाडा (पाय, कंबर, धड), दुसरा चिलखताचे पत्रे, तिसरा हात आणि तोफा. तिन्ही वेगवेगळे रंगवायचे, शेवटी जुळवायचे.

निपरने पार्ट फ्रेममधून काढताना अगदी अंगाला लावून कापू नका, थोडा दांडा ठेवून कापा आणि उरलेला ब्लेडने तासा. मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाची उठलेली रेघ) ब्लेडच्या उलट्या बाजूने खरवडायची, मोठ्या सपाट पत्र्यावर राहिली तर एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारी छोटी गन) मारल्यावर ती अजूनच उठून दिसते. प्लास्टिक सिमेंट म्हणजे साधा गोंद नव्हे, ते प्लास्टिकच विरघळवून दोन पार्ट एक करतं, त्यामुळे जिथे नंतर चिकटवायचंय तिथे रंग जाऊ देऊ नका, ब्लू टॅक (परत निघणारा चिकट गोळा) दाबून ठेवा. रेझिनला हे सिमेंट चालत नाही, तिथे सुपरग्लू. आणि सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतो, म्हणजे आपल्याकडे पावसात पटकन धरतो खरा, पण आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी पुटं सोडतो, म्हणून अगदी टिपकाच वापरा आणि रंग मारायच्या आधी वापरा. हातांना ५ बाय २ मिमीचे निओडिमियम मॅग्नेट बसवले तर तोफा बदलता येतात, फक्त कुठली बाजू आत ते मार्करने खुणा करून ठेवा, एक उलटा बसला की तोफ हाताला ढकलून देते, हसू पण येतं आणि रडू पण.

आता खरी गोष्ट, पाणी. एअरब्रशला हवा पुरवणारा कंप्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, मग पाइपमध्ये गार होते आणि तिच्यातलं पाणी सुटतं, तेच थेंब थेंब गनमधून पत्र्यावर. जुलैत माझ्या नाइटच्या निळ्या खांद्याचा अख्खा रंग असाच फुटला. आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) श्रावणात मूर्ती बल्ब लावून सुकवतात आणि रंग कंप्रेसरवरच मारतात, तिथल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "आधी आरशावर नुसती हवा मारून बघ, ओल दिसली तर देवाच्या अंगावर जाऊ नको." तेव्हापासून मी रोज आरसा बघतो. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) कंप्रेसरला बहुतेकदा लावलेला असतो, पण एक छोटा गनच्या खाली पण लावा, कारण पाणी तिथपर्यंत येईस्तोवर सुटत राहतं. टाकीच्या खालचा व्हॉल्व्ह रोज उघडा, चहासारखं पाणी निघालं तर समजा आत गंज धरलाय.

वेळ सकाळची घ्या. रात्रीचा मतलई वारा जमिनीवरून येतो, दुपारी खारं वारं सुरू झालं की हवा चिकट होते.

प्रायमरचा (रंगाखालच्या पहिल्या थराचा) स्प्रे कॅन पावसात मारला तर पृष्ठभाग खरखरीत व्हायची भीती असते, त्यामुळे प्रायमर पण एअरब्रशनेच, २५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास. सगळीकडे काळा, मग वरून तिरका राखाडी, मग अगदी डोक्यावरून पांढरा, सावल्या फुकटात मिळतात. रंग किती पातळ? सोलकढी ग्लासात हलवली की कडेने खाली उतरते आणि मागे पातळ पापुद्रा ठेवते ना, तेवढा. बेसकोट (मुख्य रंगाचा थर) २० पीएसआय, हायलाइट (वरचा उजळ रंग) १५ आणि जवळून. आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद मग हवा, आणि हात पत्र्याच्या बाहेरूनच फिरवत आणा, नाहीतर सुरुवातीलाच डाग. पत्र्याच्या कडा गडद ठेवून मध्ये उजळत जा. पावसात रंग सुईवर लवकर सुकत नाही हा एकच फायदा, पण मॉडेलवर पण सुकत नाही, थर बसू द्या. मे महिन्यात उलटं, तेव्हा फ्लो इम्प्रूव्हरचे (रंग वाहता ठेवणारं द्रव) २-३ थेंब लागतातच.

मास्क घाला, पाण्याचा रंग असला तरी तो धुरळा फुप्फुसात नको, आणि लॅकर (थिनरवाला रंग) असेल तर फिल्टरच्या कार्ट्रिजवालाच. मास्किंग टेप आधी हाताच्या तळव्यावर एकदा चिकटवून काढा, नाहीतर खालचा रंग घेऊन येते. डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या) आधी ग्लॉस वार्निश. बारीक काम सगळ्यात शेवटी, शाळेत डोळ्यांची आखणी शेवटी होते तसंच.

मॅट वार्निश मात्र पावसात नको, पांढरं पडतं, मी नवरात्र संपेपर्यंत थांबतो. तोवर पत्रे झाकणाच्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) टाकून ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतं, पण स्वैपाकाच्या कढईत नाही, त्यासाठी वेगळा पत्र्याचा डबा ठेवा, आईची बोलणी खाऊन सांगतोय.