ट्रेलर ओढायला जुनी गाडी घेताय? आधी वजन ठरवा, मग गाडी

परभणी, हिंगोली, नांदेड, लातूरकडून ऑस्ट्रेलियात येणारी पोरं आता मेलबर्न-सिडनीतच थांबत नाहीत. शेपर्टन, मिल्ड्युरा, ग्रिफिथ अशा कालव्याच्या आणि फळबागांच्या गावांकडंही येतात. शेतीत वाढलेल्या माणसाला इथलं काम समजायला वेळ लागत नाही, आणि जरा स्थिरावलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच विचार येतो: एक जुनी गाडी घ्यावी, मागं ट्रेलर जोडावा आणि सुट्टीच्या दिवशी गवत कापणं, सामान हलवणं, बागेची माती टाकणं अशी कामं धरावीत. विचार चांगला आहे. पण गाडी घेताना दरवर्षी नवीन आलेली पोरं त्याच त्याच ठिकाणी अडकताना बघतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लायसन्सचं आधी सांगतो. व्हिक्टोरियात लर्नर (शिकाऊ लायसन्स) आणि लाल पी (त्यानंतरचं पहिल्या टप्प्याचं तात्पुरतं लायसन्स) असणाऱ्याला, कामासंबंधीचे थोडे अपवाद सोडले तर, ट्रेलर ओढता येत नाही. राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, आपापल्या राज्याचा नियम वाचून घ्या.

दुसरं, लगेच ट्रेलर विकत घेऊ नका. बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानांत आणि बऱ्याच पेट्रोल पंपांवर ट्रेलर भाड्यानं मिळतो. आधी भाड्याच्या ट्रेलरवर काम करून बघा. तुम्हाला नेमकं काय ओढायचं आहे ते त्यात कळतं, आणि ते कळल्याशिवाय गाडी निवडताच येत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण उसाच्या हंगामात वाढलेली माणसं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, फळ्यांच्या वर हातभर ऊस, चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली, हे आपण लहानपणापासून बघितलंय. त्यामुळं "इंजिनात दम असला की ओढतंय" हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. ते इथं घेऊन येऊ नका. ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला वीसच्या वेगानं चालतो. इथं हायवेला शंभरनं जायचं असतं. तिथं प्रश्न ओढण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. शिवाय वजन जास्त भरलेलं असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरच्याच्या गाडीचा खर्च तुमच्या डोक्यावर बसतो. आयुष्याची पुंजी जाते त्यात.

म्हणून चार आकडे पाठ करा. ट्रेलरच्या पाटीवर टेअर लिहिलेलं असतं, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्याच पाटीवर एटीएम असतं, म्हणजे मालासकट ट्रेलर जास्तीत जास्त किती भरायचा. गाडीचा जीव्हीएम म्हणजे माणसं, डिझेल, सामान धरून गाडी किती जड होऊ शकते. आणि जीसीएम म्हणजे गाडी आणि ट्रेलर दोन्ही मिळून कमाल वजन. जाहिरातीत यातलं काहीच नसतं, तिथं फक्त "इतके टन ओढते" एवढंच मोठ्या अक्षरात असतं.

साधं उदाहरण घ्या. सहा बाय चार फुटी छोटा ट्रेलर, एटीएम ७५० किलो. रिकामा असतानाच तो सव्वादोनशे-अडीचशे किलो भरतो. उरले पाचशे. आता मातीच्या डेपोवर जा, लोडरवाला सहज विचारेल, अर्धा क्यूब टाकू का? अर्धा घनमीटर म्हणजे दिसायला ढीगही होत नाही. पण ओली माती घनमीटरला दीड टनाच्या आसपास जाते, वाळू त्याहून जड. म्हणजे तो अर्धा क्यूब पाऊण टनाचा. ट्रेलर तिथंच अडीचशे किलोनं जास्त झाला, आणि डोळ्यांना तर तो अर्धा रिकामा दिसतोय. डोळ्यांवर जाऊ नका. वजनकाटा इथंही आहे, प्रत्येक शेतीच्या गावाजवळ सापडतो. पहिल्यांदा भरून निघालात की काट्यावरून जा.

ब्रेकचा नियम वजनावरच आहे. ट्रेलरच्या चाकांवर येणारं वजन ७५० किलोपर्यंत असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. त्यापुढं २००० किलोपर्यंत ब्रेक पाहिजेतच. २००० किलोच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणाही पाहिजे. इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरला गाडीत ते ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर लागतो. जुन्या गाडीत तो आधीच बसवलेला असेल तर काहीशे डॉलर वाचतात, घेताना स्टिअरिंगखाली बघा.

टो-बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागं ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर, येणाऱ्या वजनाकडं तर कोणीच लक्ष देत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के वजन टो-बॉलवर यावं. माल मागं भरला तर पुढचं टोक हलकं होतं आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडं झोकांड्या खायला लागतो, पाठोपाठ गाडीही. तेव्हा घाबरून ब्रेक दाबायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि कंट्रोलर असेल तर हातानं फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावायचे. जड माल ट्रेलरच्या चाकांच्या वर आणि थोडा पुढं ठेवला तर ही वेळच येत नाही. आणि हे दहा टक्के वजन गाडीच्या जीव्हीएममध्ये मोजलं जातं. समजा गाडी ७०० किलो उचलते. घरची चार माणसं ३०० किलो, टो-बॉलवर २००, उरले २००. त्यात अवजारं, पाण्याचे कॅन, बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड). संपलं.

आता कोणती गाडी. आपल्या लोकांचं एक ठरलेलं असतं: मोठी डिझेल, चारी चाकं फिरणारी, उंच गाडी. गावाकडं फोटो पाठवायला ती छानच दिसते, पण अर्धा टन गवत आणि एक मशीन ओढायला ती लागत नाही. डिझेल इथं बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग असतं. शिवाय नव्या धाटणीच्या डिझेल गाडीत धूर गाळणारं फिल्टर असतं. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारल्या तर ते तुंबतं आणि बदलायला मोठा खर्च येतो. रोज लांबचा रस्ता असेल तरच डिझेल बघा.

छोट्या कामाला जुनी सुबारू फॉरेस्टर पुरते, ब्रेक असलेला ट्रेलर ती १४००-१५०० किलोपर्यंत ओढते. घरात मुलंबाळं असतील तर टोयोटा क्लूगर, २००७ नंतरची, २००० किलो. माझं स्वतःचं मत विचाराल तर इथलीच बनलेली फोर्ड फाल्कन आणि टेरिटरी. फोर्डनं इथलं उत्पादन ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद केलं, त्यामुळं लोक या गाड्यांना नाकं मुरडतात आणि त्या स्वस्तात मिळतात. योग्य टो-पॅक (ट्रेलर ओढण्यासाठी बसवलेला सरंजाम) असेल तर पेट्रोलवाली २३०० किलो ओढते, डिझेल टेरिटरी २७००. कोणताही गावातला मेकॅनिक त्या डोळे झाकून उघडतो. टेरिटरी घेताना पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट तेवढे तपासून घ्या. खरंच जड काम असेल तर मित्सुबिशी पजेरो. शेवटच्या काही वर्षांतली ३००० किलो ओढते, पण २५०० च्या वर गेलात की टो-बॉलवर फक्त १८० किलो चालतात, म्हणजे ते तीन टन बहुतेकांना वापरताच येत नाहीत.

आणि टो-बारवरची, म्हणजे टो-बॉल ज्यावर बसतो त्या गाडीमागच्या दांड्यावरची, पाटी वाचा. गाडी २३०० ची असेल आणि कोणी १२०० चा टो-बार बसवला असेल, तर तुमची मर्यादा १२००. दोन्हीत जो आकडा कमी, तो खरा.

आता जे सांगतोय ते कृपा करून दोनदा वाचा. "आपलाच माणूस आहे" म्हणून कागद न बघता गाडी घेऊ नका. परभणीकडचं एक कष्टाळू पोरगं, दोन हंगाम फळं तोडून पैसे साठवलेलं. ओळखीच्या मराठी माणसाकडून त्यानं पिकअप घेतली, रोख दिले, पेढे वाटले. त्या पिकअपवर आधीच्या मालकाचं कर्ज होतं. काही महिन्यांनी कर्ज देणारी कंपनी गाडी उचलून घेऊन गेली. विकणारा दुसऱ्या राज्यात निघून गेला, फोन बंद. पोराचे पैसे गेले ते गेलेच. आपण गावाकडं आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते बघतो, इथं मात्र परमुलखात मराठी बोलणारा भेटला की डोळ्यांत पाणी येतं आणि विचारायची लाज वाटते. लाज वाटू देऊ नका. चांगल्या माणसाला कागद मागितल्याचा राग येत नाही.

यावर उपाय दोन डॉलरचा आहे. सरकारी पीपीएसआर नावाची नोंदवही २०१२ पासून आहे. तिच्या अधिकृत साइटवर गाडीचा व्हीआयएन क्रमांक (चासी नंबर) टाका. कर्ज आहे का, गाडी चोरीची आहे का, अपघातात निकालात काढलेली आहे का, सगळं कळतं. मिळतंजुळतं नाव लावून जास्त पैसे घेणाऱ्या खासगी साइट आहेत, त्या टाळा. व्हीआयएन विकणाऱ्यानं पाठवलेला वापरू नका, गाडीवरचा स्वतः वाचा. पैसे द्यायच्या त्याच दिवशी तपासा आणि दाखला जपून ठेवा. ताकाता कंपनीची सदोष निघालेली एअरबॅग बदलली आहे का, तेही त्याच वेळी बघा.

डीलरकडून घेतली तर महाग पडते, पण व्हिक्टोरियात दहा वर्षांपेक्षा कमी जुन्या आणि १,६०,००० किलोमीटरपेक्षा कमी चाललेल्या गाडीला तीन महिने किंवा ५००० किलोमीटरची कायद्यानं वॉरंटी असते. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला काहीच नसतं. खासगी घेणार असाल तर रोडवर्दी सर्टिफिकेटसकटच (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा दाखला) घ्या. "थोडे कमी करतो, सर्टिफिकेट तुम्ही काढा" म्हणणाऱ्याकडून उठून या.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. ती आधी जड कॅरॅव्हॅन (मागं जोडायचं फिरतं घर) ओढत होती का, हे सरळ विचारा. इथले लोक बहुतेक विचारलं की खरं सांगतात, न विचारता मात्र सांगत नाहीत. टो-बॉल घासून चकचकीत झालाय का, मागचे पाटे बसलेत का, गिअरबॉक्सचं तेल काळं पडून जळका वास येतोय का, हे बघा. ओढणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स सगळ्यात आधी मरतो आणि दुरुस्ती कधी कधी गाडीच्या किमतीएवढी होते. समुद्रकाठची गाडी असेल तर खाली झोपून चासीचा गंज बघा. सर्व्हिस बुकात शिक्के नसतील तर किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. यातलं काही कळत नसेल तर मेकॅनिकला पैसे देऊन तपासून घ्या. जवळच्या पैशातला चौथा हिस्सा टायर, ब्रेक आणि पहिल्या सर्व्हिसला मागं ठेवा.

विम्याचं एवढंच: रेगोबरोबर (गाडीच्या नोंदणीबरोबर) येणारा विमा फक्त माणसांच्या इजेचा असतो, समोरच्याच्या गाडीचा नाही. निदान थर्ड पार्टी प्रॉपर्टी तरी घ्या, आणि गाडी धंद्यासाठी वापरतो, ट्रेलर ओढतो, हे विमा कंपनीला आधीच सांगा.

ट्रेलर जोडल्यावर साखळी अडकवा, सात पिनांचा प्लग लावून एकाला मागं उभं करून सगळे दिवे बघा. प्लग गोल आणि चपटा अशा दोन प्रकारचा येतो, अडॅप्टर गाडीतच ठेवा. ट्रेलरची चाकं काढून बसवली असतील तर पन्नासेक किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा.