बेसमेंटमधल्या स्टोअर रूमची किंमत काढायची कशी?

फ्लॅट दाखवून झाला की एजंट खाली बेसमेंटमध्ये नेतो, एक जाळीचं दार उघडतो आणि म्हणतो, हे स्टोरेज पण तुमचंच. तुमचंच म्हणजे नेमकं कसं, हे तिथंच विचारून घ्या, कारण अर्धी किंमत या उत्तरावर ठरते. खरेदीखतात नंबरासकट नोंद असेल तर ती मालकी. जागा सामायिक आहे पण वापर फक्त तुमचा, असं लेखी असेल तर किंमत थोडी कमी. आणि "वर्षानुवर्षं आम्हीच वापरतोय" एवढंच असेल तर त्याचे पैसे द्यायचेच नाहीत, उद्या सोसायटीने रिकामी करा म्हटलं की संपलं.

आता आकडा. फ्लॅटचा दर गुणिले स्टोअरचा एरिया हा हिशोब विक्रेत्याला फार आवडतो पण तो चुकीचा आहे, खाली ना उजेड ना राहण्याची सोय. त्याच बिल्डिंगमध्ये स्टोअरसकट आणि स्टोअरशिवाय विकले गेलेले सारखे फ्लॅट सापडले तर बघा, मजला आणि विक्रीची तारीख यांचा फरक वगळून जो उरतो तो खरा भाव. तसं काही मिळालं नाही तर भाड्यावरून काढा. समजा तेवढी जागा महिन्याला १०० ला जाते, म्हणजे वर्षाला १२००, त्यातून मेंटेनन्स वगैरे २०० गेले, उरले १०००. ५ टक्के परतावा पुरेसा वाटत असेल तर किंमत २०,०००, ८ टक्के हवा असेल तर १२,५००. फक्त त्याच बिल्डिंगमधल्यांनाच विकता येईल अशी अट असेल तर गिऱ्हाईक कमी, मग मी ८ वालाच धरतो.

यातून वजा काय करायचं ते नाक सांगतं. दार उघडल्या उघडल्या कुबट वास आला, भिंतीला पोपडे, खाली पांढरा क्षार दिसला म्हणजे ओल आहे, आणि जुन्या बेसमेंटमध्ये एकच भिंत नवीकोरी रंगवलेली असेल तर जास्तच संशय घ्या. हवेतली आर्द्रता कायम ६० टक्क्यांच्या वर असेल तर पुस्तकं, गाद्या, कपडे तिथे ठेवायचेच नाहीत, मग उरलं काय, टायर आणि डबे? डोक्यावरून ड्रेनेजचा पाइप जातोय का तेही बघा. जमलं तर मोठ्या पावसानंतर एक चक्कर मारा. टेप घेऊन जा, दाराची रुंदी मोजा, सायकल आत वळते का, लिफ्ट खालपर्यंत येते का.

विकणाऱ्यांनो, आधी ती भंगार भरलेली खोली रिकामी करा हो! भरलेली खोली निम्मीच दिसते. आणि तिची किंमत वेगळी काढून ठेवा पण लगेच सांगू नका, घासाघीस अडली की "बरं, स्टोअर यातच" म्हणायला कामी येते. छोट्या फ्लॅटला याचा फायदा जास्त, चार खोल्यांवाल्याला फारसं पडलेलं नसतं.

सही करण्याआधी किल्ली स्वतः लावून बघा. आमच्या कागदावर नंबर १४ होता आणि किल्ली लागली १७ ला.