‘सध्या काय चालू हाय?’ : नोकरी नसताना या चुका टाळा

गावात माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. लोक सेतू म्हणतात. भरती निघाली की पोट्टे शेवटच्या रात्री नऊ वाजता येतात, साइट बसलेली असते, आणि "भाऊ, कसंही करून भरून द्या." त्याबद्दल मी त्यांना तोंडावरच बोलतो, इथं लिहीत नाही. एक फॉर्म आणि दुसरा फॉर्म यांच्या मधले जे महिने असतात, त्यात माणूस आतून कसा बसत जातो ते मी रोज बघतो. मी स्वतःही त्यातूनच गेलोय.

पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यांची आई : घरी खोटं बोलणं.

माझं नाव एका यादीत दोन गुणांनी हुकलं. घरी सांगितलं, "यादी कोर्टात अडकली." आठ महिने तेच सांगत राहिलो. रोज सकाळी मायनं बांधलेला डबा घ्यायचा, अभ्यासिकेत जातो म्हणायचं, सायकल तालुक्याला हाणायची आणि एसटी स्टँडवर बसायचं. अभ्यासिकेची फी कधीच थकली होती. गाड्यांच्या पाट्या पाठ झाल्या, पुस्तक उघडलं नाही. खोटं सांभाळण्यातच दिवसाची ताकद जायची. नवी जाहिरात आली तरी भरावीशी वाटेना, कारण जुनी यादी ‘लागायची’ होती ना!

मग एक दिवस बाबा जिनिंगवर कापूस घालून परतताना स्टँडवर आले. दुपारचा एक वाजला होता, माझा डबा उघडा होता. ते शेजारी बसले, अर्धी भाकर मोडून घेतली, खाल्ली. बराच वेळ काही बोललेच नाहीत. उठताना म्हणाले, "उद्या वावरात ये. वेचाले बाया भेटून नाई रायल्या." त्यांना किती दिवसांपासून माहीत होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. त्या रात्री मात्र आठ महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

म्हणून आता दुकानात पोरानं निकाल बघितला आणि नाव नसलं, की मी त्याचाच फोन त्याच्यापुढे सरकवतो. "घरी लाव." नाही लावला तर पुढचा फॉर्म भरत नाही. धंद्याला हे बरं नाही, पण सवय पडली.

दुसरी चूक : दहाला उठणं, अकराला पारावर, खर्रा घोटत बारा वाजवणं. रिकामा वेळ भरपूर आहे म्हणजे अभ्यास भरपूर होईल, हा भ्रम आहे. १९३०च्या सुमारास ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाच्या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. अभ्यासकांनी तिथं जाऊन नोंदी केल्या. वेळ हातात असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं होतं. पुरुष रस्त्यानं हळू चालायचे, वाटेत थांबायचे. बायका मात्र भरभर चालायच्या, कारण घरची कामं सुटली नव्हती. आमच्या पाराचंच वर्णन वाटतं.

यावर वेळापत्रक भिंतीवर चिकटवू नका. तीन दिवसांत त्याच्यावर कॅलेंडर येतं. मी शेजारच्या काकांचं दूध सकाळी साडेसहाला डेअरीवर पोचवायचं कबूल केलं होतं. त्याचे पैसे मिळत नव्हते. पण काका कॅन भरून दारात उभे असायचे, म्हणून उठावंच लागायचं. आपली वाट बघणारं कुणीतरी हवं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

‘सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देणं. यावर मी वाद घालत नाही, त्या पोराला खुर्चीच देत नाही.

यादीत नाव नाही म्हणजे आपण मठ्ठ, असं समजणं. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज होते. हिशेब करा.

एकाच परीक्षेवर सगळं लावून बाकीचं काम कमी दर्जाचं मानणं. पदवी झाली म्हणून निंदण-डवरणीला हात लावायचा नाही, हे मला पटत नाही.

रात्री स्फूर्तीचे व्हिडिओ बघणं. दोन तास ‘उठ, लढ’ ऐकून पहाटे तीनला झोपणारा सकाळी उठणार कसा?

झोप उडालीय, जेवण जात नाही, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय, तर तो आळसही नाही आणि नाटकही नाही. तेव्हा एकटं राहू नका, घरच्या कुणाला तरी जवळ बसवा आणि १४४१६ लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

आणि लग्नाकार्याला जाणं बंद करू नका. ‘सध्या काय चालू हाय?’ हा प्रश्न येणारच. मी खरं तेच सांगायचो : "दोन फॉर्म भरलेत, सकाळी दूध नेतो, वेचनी चालू हाय." विचारणारा "बरं हाय" म्हणायचा आणि तुरीच्या भावावर यायचा.