ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन : अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-बंगळुरूपेक्षा जास्त आणि मुंबई-दिल्लीपेक्षा कमी. तरीही नकाशा पाहून अंदाज बांधणारे हा आकडा हमखास फुगवतात.

दोष मर्केटर प्रक्षेपाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका पद्धतीचा आहे. बहुतेक ऑनलाइन नकाशे याच पद्धतीने काढलेले असल्याने विषुववृत्तापासून दूर जावे तसतसा प्रदेश ताणला जातो, आणि ७४ अंश उत्तरेच्या आसपास हा ताण साडेतीन पटींहून अधिक होतो. परिणामी या दोन गावांना जोडणारी रेघ पडद्यावर भारताच्या दक्षिणोत्तर लांबीएवढी दिसते. प्रत्यक्षात ती त्या ३,२१४ किलोमीटरच्या एक तृतीयांशही नाही. म्हणून पट्टी लावू नये; नकाशातील अंतरमापक वापरावा किंवा अक्षांश-रेखांश देऊन बृहद्‌वृत्तीय अंतर, म्हणजे गोलाकार पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर, काढावे. हाताने गणित करणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असला, तरी लाँगइयरब्येनच्या ७८ अंशांवर तो जेमतेम २३ किलोमीटरचा उरतो.

एककांची गल्लतही नेहमीची आहे. वैमानिक हेच अंतर ५१७ सांगतात, पण ते सागरी मैल असतात. ते साधे मैल समजून रूपांतर केले, तर सव्वाशे किलोमीटर वाटेतच गळतात.

अंतर बरोबर आले, की त्याला ताशी ८०० किलोमीटरने भागून सव्वा तास हे उत्तर काढले जाते. विमान मात्र सगळा वेळ त्या वेगाने उडत नाही. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि हिवाळ्यात पंखांवरील बर्फ काढण्याचा वेळ धरून वेळापत्रकात साधारण पावणेदोन तास दिसतात, आणि तेच ग्राह्य धरावेत. उन्हाळ्यात सतत ऊन असते म्हणून उड्डाणे बिनधोक, हा समजही सोडावा, कारण त्याच दिवसांत धुके आणि खालचे ढग अडवतात. स्वालबार्डमध्ये जेट विमान उतरवता येईल असा दुसरा नागरी विमानतळ नाही, त्यामुळे हवा बिघडल्यास विमान मुख्य भूमीकडे परत फिरू शकते. परतीच्या दिवशीच पुढचे आंतरराष्ट्रीय विमान पकडण्याचा बेत आखणे मला तरी धाडसाचे वाटते.

भारतीय प्रवाशांना सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे. स्वालबार्ड नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असले, तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. तिथे जाण्यास स्वतंत्र व्हिसा लागत नाही. पण ट्रॉम्सोतून निघताना पासपोर्ट तपासला जातो आणि परतताना शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश करावा लागतो. व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर परतीची वाट अडते. दोन किंवा अधिक प्रवेशांचा व्हिसा आधीच मागावा आणि तपासणीच्या रांगेचा वेळ हिशेबात धरावा. ओस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातही प्रवाशांना याच कारणाने मध्ये उतरावे लागू शकते.

भारताचे ‘हिमाद्री’ हे २००८ पासूनचे संशोधन केंद्रही लाँगइयरब्येनमध्ये नाही. ते शंभरएक किलोमीटर वायव्येला न्यू-ओलेसुंड येथे आहे आणि तिथवर रस्ता नाही. त्यामुळे तिथे जाणाऱ्याने लहान विमानाचा किंवा बोटीचा टप्पा वेगळा मोजावा.