केनिया सफारीला गटाने जाताय? आधी लस, मग तिकीट

लातूर-नांदेडकडच्या शेतकरी कुटुंबांना केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायचं तर ऑगस्ट उत्तम. पेरणी-खुरपणी उरकलेली असते, सोयाबीनच्या काढणीला अवकाश असतो आणि वाइल्डबीस्टचे (हरणाच्या कुळातल्या मोठ्या प्राण्यांचे) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर तिथेच असतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते बहुतेक टांझानियाकडे परतू लागतात.

सगळ्यात आधी पिवळ्या तापाच्या लशीचं बघा. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, त्यामुळे सगळ्या गटाची वेळ एकदमच ठरवून घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. ते नसेल तर भारतात परतताना विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. गटात साठीपुढचे आजी-आजोबा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असणारं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांना लस चालणार नसेल तर हे तिकिटाआधीच कळलेलं बरं.

गाडीबाबत मात्र काटकसर नको. प्रत्येकाला खिडकी हवी, म्हणजे एका लँडक्रूझरमध्ये सहाच माणसं. फोटोवाले वेगळ्या गाडीत बसवा, कारण त्यांना एका बिबट्यापाशी तासभर थांबायचं असतं आणि लेकरं तोवर कंटाळतात.

छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान बहुधा पंधरा किलोच, तेही मऊ बॅगेत. धपाटे-दशम्या जरूर न्या, पण डब्यात किंवा कापडात बांधून. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे.